हेडफोनमधली ढोलकी

‘माझे वय २४ आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका गावातून दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्यात आलो. हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करतो आणि वाकडला तिघांत मिळून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. कामाची तक्रार नाही, अडचण कामानंतरची आहे. आमच्या टीममधल्या सात-आठ जणांचा एक गट आहे आणि त्यांनी मलाही आपल्यात घेतले आहे. त्यांच्या गप्पा मात्र कोरियन मालिका, जपानी अ‍ॅनिमे, बीटीएस हा कोरियन बँड, इंग्रजी बँड आणि स्टँड-अप यांच्याभोवतीच फिरतात. सुरुवातीला मी “हो, पाहिले आहे” असे खोटेच सांगितले आणि ते निभावण्यासाठी शनिवार-रविवार खोलीत बसून एकेका मालिकेचे भाग दुप्पट वेगाने पाहू लागलो. आता कुणी माझे मत विचारले की कुठेतरी वाचलेले मत सांगतो. पुढच्या महिन्यात मुंबईत एका परदेशी बँडचा कार्यक्रम आहे. तिकीट ६,५०० रुपयांचे असून प्रवास आणि राहणे धरून ११,००० पर्यंत खर्च जाईल. घरी दरमहा १२,००० पाठवतो, तरीही मी “येतो” म्हणून बसलो आहे. गावी गेलो की जुने मित्र “पुणेकर झालास” म्हणून चिडवतात. मला स्वतःला काय आवडते हेच आता समजेनासे झाले आहे. रात्री कधी कधी आजोबांच्या तमाशाच्या फडातल्या ढोलकीचे रेकॉर्डिंग मोबाइलवर ऐकतो, तेही हेडफोन लावून. आजोबा आता वाजवत नाहीत. या लोकांत मिसळण्यासाठी मी काय करावे?’

– एक वाचक, पुणे

स. न.

मिसळण्यासाठी काय करावे असे तुम्ही विचारले आहे, परंतु तुम्हीच लिहिलेला मजकूर पाहता ते काम केव्हाच होऊन गेले आहे. ही मंडळी तुमचे मत विचारतात, मुंबईचा बेत आखताना तुम्हाला धरून चालतात. ज्याला लांब ठेवायचे असते त्याला मालिकेचा शेवट कसा वाटला, हे कुणी विचारत नाही. तुम्ही घरात आलेले आहात, फक्त दोन वर्षे पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसून आहात आणि त्यामुळे आता पाठीला रग लागली आहे.

खोटे बोलण्याविषयी मी तुम्हाला फार बोलणार नाही, कारण त्या बाबतीत माझा स्वतःचा हिशेब चोख नाही. १९८३ साली मी वाईहून पुण्यात शिकायला आले, तेव्हा आमच्या वसतिगृहातल्या हुशार मुली फिल्म सोसायटीचे सभासदत्व घेत असत आणि म्हणून मीही घेतले. पहिल्याच खेळाला पूर्व युरोपातला एक लांबलचक चित्रपट होता. बाहेर पडल्यावर सगळ्या जणी काहीबाही बोलत होत्या, तेव्हा आपणही मागे राहू नये म्हणून मी म्हणाले की, मध्यंतरानंतरची ती दीर्घ शांतता मला फार अर्थपूर्ण वाटली. यावर एका मुलीने शांतपणे सांगितले की, तेव्हा यंत्रात बिघाड होऊन आवाज बंद पडला होता. त्या मुलीशी माझी आजही मैत्री आहे, आणि माझ्या अनुभवाने सांगते की, ती मैत्री त्या फजितीपासूनच सुरू झाली. त्याआधी तीन महिने आम्ही दोघी एकमेकींना फक्त दिग्दर्शकांची नावे ऐकवत होतो.

तुम्हाला माझ्यासारखी फजिती होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी न पाहिलेल्या मालिकेचे नाव निघाले की ‘ही मी पाहिलेली नाही, कशाविषयी आहे?’ एवढेच विचारा. मागच्या खोट्यांची कबुली देत बसू नका. कुणाच्याही ते लक्षात नसेल आणि असले तरी त्यात कुणाचे नुकसान झालेले नाही. एखाद्याला आवडलेली गोष्ट नव्याने सांगण्याची संधी मिळते, तेव्हा तो माणूस किती खुलतो हे तुम्ही दोन वर्षांत एकदाही पाहिले नसणार, कारण दर वेळी ‘पाहिले आहे’ म्हणून तुम्ही समोरच्याचे सांगणे सुरू होण्याआधीच थांबवत आला आहात.

आपल्याला काय आवडते हेच समजेनासे झाले, असे तुम्ही लिहिता. जो माणूस दोन वर्षे प्रत्येक गोष्ट परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी पाहतो, त्याचे याहून वेगळे काय होणार? आवड बसायला रेंगाळावे लागते, मागे जावे लागते, एखादा प्रसंग विनाकारण पुन्हा पाहावा लागतो. तरीही एक गोष्ट आठवून पाहा. त्या सगळ्या शनिवार-रविवारांत एखादा भाग, एखादे दृश्य, एखादे गाणे असे आले होते का की, तुम्ही नकळत वेग पुन्हा साधा केला? तसे काही आठवत असेल तर तेवढे खरोखर तुमचे आहे आणि त्याविषयी तुम्हाला उसने मत लागणार नाही. बाकीचे सोडून द्या. बीटीएस आवडत नाही असे म्हणणाऱ्याला कुणी गटातून काढत नाही. उलट अशा गटांना एखादा न मानणारा हवाच असतो, त्याला पटवण्यात त्यांच्या चार संध्याकाळी मजेत जातात.

इथे थोडे विषयाच्या मुळाशी जाते. गावात सोबत आधी असते आणि आवड मागाहून येते. जत्रेच्या रात्री सगळा गाव कार्यक्रमाला जातो म्हणून आपण जातो. त्यातल्या निम्म्यांचे लक्ष भेळेच्या गाडीकडे असते, काही तिथेच घोंगडी पांघरून झोपतात, आणि ‘तुला हे आवडते का?’ असे कुणी कुणाला विचारत नाही. शहरात हा क्रम उलटा होतो. हिंजवडीतल्या एका टेबलाभोवती नागपूर, इंदूर, कोची आणि जुन्नर अशा ठिकाणांहून आलेली माणसे बसतात, तेव्हा त्यांच्यात सामायिक गल्ली नसते, शाळा नसते, भाषाही पुष्कळदा नसते. अशा वेळी सोल किंवा टोकियोमध्ये घडणारी गोष्ट सगळ्यांनाच सारखी परकी असते आणि म्हणून सगळ्यांनाच सारखी जवळची होऊ शकते. तिथे कुणाची जात विचारावी लागत नाही, कुणाचे इंग्रजी कोणत्या शाळेतले आहे हे कळत नाही, घरचे दुखणे काढावे लागत नाही. तुमचे सहकारी या मालिकांविषयी इतके बोलतात यामागे हेही एक कारण असेल, असा माझा अंदाज आहे. तुमच्याप्रमाणे त्यांनाही घराविषयी न बोलण्याची सोय हवी असू शकते. तेव्हा त्या आवडीला वरवरची समजून मनातल्या मनात नाक मुरडत असाल, तर तेही थांबवावे. तसे तुम्ही लिहिलेले नाही, पण ‘कुठेतरी वाचलेले मत सांगतो’ या वाक्यात थोडा तिरस्कार मला ऐकू आला, आणि तो सगळाच स्वतःविषयी नव्हता.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटून तिसऱ्या वाक्याकडे वळते, कारण माझ्या मते खरे पत्र तेवढेच आहे. कोरियन मालिकांवर तुम्ही अर्धे पान खर्च केले आणि आजोबांच्या फडातल्या ढोलकीला एक ओळ दिली. बाकीच्या आवडी तुम्ही नसताना आहेत असे दाखवता. ही एकच असून लपवता.

जुन्नर तालुका आणि फड म्हटल्यावर नारायणगाव आठवणारच. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले येऊन घासाघीस करून सुपारी देतात आणि मग चैत्र-वैशाखातल्या जत्रांतून फड रात्रीमागून रात्री फिरत राहतात, हे तुम्हाला मी सांगावे असे नाही. याच नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाईंचा राष्ट्रपतींकडून सन्मान झाला, २००२ साली त्या गेल्या आणि आज त्यांच्याच नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. एवढे सगळे होऊनही आपण रोजच्या बोलण्यात ‘उगाच तमाशा करू नकोस’ असेच म्हणतो. तुमच्या ऑफिसातही हे वाक्य कुणी ना कुणी सहज म्हणत असेल, आणि ते म्हणणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल की, समोर बसलेल्या माणसाच्या घरात या शब्दाचा अर्थ गण, गौळण, बतावणी, वग आणि महिन्याचा बाजारहाट असा होता.

यावर ‘लाजता कशाला, अभिमानाने सांगा’ असे लिहिणे मला सोपे आहे, कारण त्याची किंमत मला मोजावी लागणार नाही. फडात काम केलेल्या घराविषयी सांगणे ही नुसती आवड सांगणे नसते. त्यातून काही जण जातीचा अंदाज बांधतात, काही जण घरातल्या बायकांविषयी नको ते हसतात, आणि ‘पूर्ण नाव काय, मूळ गाव कोणते’ असे विचारणारा माणूस पुष्कळदा नावगावापेक्षा निराळेच काही शोधत असतो. तुम्ही या सगळ्याचा अनुभव घेतला आहे की नाही, हे पत्रात नाही. पण घेतला असेल तर हेडफोन लावणे हा भित्रेपणा ठरत नाही. कुणाला, केव्हा आणि किती सांगायचे हे सर्वस्वी तुमच्या हाती आहे आणि मैत्रीची फी म्हणून ते कुणालाही देणे लागत नाही.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. फ्लॅटमधले दोघेही बाहेर गेलेले असताना, दार बंद असताना, तुम्ही ते रेकॉर्डिंग मोठ्याने लावता का? लावत असाल तर तुम्ही फक्त सावध आहात आणि माझे या मुद्द्यावर काही म्हणणे नाही. एकटे असतानाही आवाज खालीच राहत असेल, तर मात्र ऑफिसातली माणसे तुमच्या खोलीत येऊन बसली आहेत, आणि त्यांना तुम्हीच आणून बसवले आहे.

तुम्ही ज्या बीटीएसमुळे अवघडता, त्याच बँडमधल्या सुगाने २०२० साली एक स्वतंत्र गाणे काढले. ते कोरियातल्या राजेशाही मिरवणुकांत वाजणाऱ्या जुन्या लष्करी संगीतावर उभे आहे. त्यात ढोल आहेत, झांजा आहेत, पिपाण्या आहेत. कोरियातच पान्सोरी नावाचा कथागायनाचा प्रकार आहे. त्यात एक गाणारा आणि एक ताल धरणारा एवढीच माणसे असतात, कथा तासन् तास चालते, ढोल वाजवणारा मधूनमधून दाद देत राहतो आणि प्रेक्षकही त्याच्या सुरात सूर मिसळतात. हे गाणारे लोक कित्येक पिढ्या समाजात खालचे मानले गेले. २००३ साली युनेस्कोने याच पान्सोरीला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवले. जपानी काबुकीची सुरुवात १६०३ च्या सुमारास क्योटोमध्ये ओकुनी नावाच्या एका नर्तकीने केली असे मानतात, आणि १६२९ मध्ये तिथल्या सत्तेने नीतीच्या नावाखाली बायकांना रंगमंचावरून हाकलले; ते नाट्य आज जपानची शान म्हणून जगाला दाखवले जाते. आपल्याकडे लावणीकार पठ्ठे बापूरावांनी याच्या उलट वाट धरली. रेठरे हरणाक्षचे हे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार आणि जातीतले स्थान सोडून फडात आले. लावणीचा विषय निघाला की त्यांचे नाव घेतले जाते, मात्र ज्यांच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आले त्यांची नावे कुणाला सांगता येत नाहीत, ही एक चीड आणणारी गोष्ट जाता जाता नोंदवते.

ही माहिती वाद जिंकण्यासाठी दिलेली नाही, आणि तशी वापरलीत तर गटातल्या लोकांना तुम्ही दुसऱ्याच कारणाने नकोसे व्हाल. सांगायचे इतकेच की, त्यांच्या आवडीच्या खोलीत तुमच्या आजोबांच्या वाद्याला जागा होऊ शकते. त्या सात-आठ जणांत कोरियन संगीत खरोखर मन लावून ऐकणारा एखादा किंवा एखादी असेलच. सगळ्या टेबलासमोर काही जाहीर करण्याऐवजी, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेले असताना, त्या एकाच व्यक्तीला ‘हे ऐक’ म्हणून एक हेडफोन द्या. हे कोण वाजवत आहे ते लगेच सांगायची गरज नाही. ऐकणारा माणूस काय विचारतो, त्यावरून पुढचे ठरवता येईल.

मात्र त्याआधी एक काम गावी जाऊन करायचे आहे. त्या रेकॉर्डिंगमध्ये हलगीवर कोण आहे, मागून सुरांची साथ देत झील कोण धरते आहे, तो कोणता वग आहे, कोणत्या गावची जत्रा आणि कोणते वर्ष आहे, हे आजोबांना विचारून वहीत लिहून घ्या. आजोबा आता वाजवत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे, ऐकत नाहीत असे लिहिलेले नाही. त्यांच्या समोर बसून ते लावा, आणि या वेळी हेडफोनशिवाय. कोणत्या जागी ते मान हलवतात, कुठे ‘इथे चुकलो होतो’ म्हणतात, हे पाहताना तुम्हाला त्या वादनात काय आवडते ते समजू लागेल. आज तुम्हाला ते आठवण म्हणून आवडते. आठवणीला मत नसते, म्हणून ती कुणाला सांगताही येत नाही. मुक्कामी असाल तर मित्रांच्या ‘पुणेकर झालास’ या चिडवण्यावरही हाच उपाय आहे: त्यांच्यापैकी एकाला या बैठकीला बोलवा.

पुण्यात राहायचे असेल तर या गटाखेरीज आणखी एखादी जागा तुमच्याकडे हवी. सातही दिवस एकाच टेबलावर अवलंबून असलेला माणूस त्या टेबलाला नकार देऊ शकत नाही, आणि तुमचा मुंबईचा होकार तिथूनच आलेला आहे. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर छोटी, वेगळी नाटके होतात आणि प्रेक्षक इतके जवळ बसतात की तिसऱ्या खेळाला चेहरे ओळखीचे होतात. पावसाळ्याच्या अखेरीस भरत नाट्य मंदिरात होणारी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. तिथे महाविद्यालयीन मुले ‘अरे, आव्वाज कुणाचा’ म्हणून छप्पर उडवतात तेव्हा बीटीएसचे चाहतेसुद्धा शांत वाटू लागतात. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, तो शास्त्रीय संगीत कळत नाही म्हणून टाळू नका. तिथे नुसते फिरायला आणि खायला येणाऱ्यांची संख्याही कमी नसते. बालगंधर्व रंगमंदिरात लावणीचे कार्यक्रम लागतात. ते पाहून तुम्हाला ‘आमच्या आजोबांच्या ढोलकीची सर नाही’ असे वाटले, तर त्याहून चांगले काय? ते तुमचे पहिले न उसने घेतलेले मत असेल. कुठेही जा, पण एकच जागा धरा आणि तिथे सहा महिने नियमाने जा. शहरात ओळख ही वारंवार दिसण्यातून होते. दर आठवड्याला नवी जागा शोधणाऱ्याला फोटो पुष्कळ मिळतात, पण ‘मागच्या वेळी दिसला नाहीत’ म्हणणारे कुणी मिळत नाही.

राहिला प्रश्न मुंबईच्या कार्यक्रमाचा. मोठे कार्यक्रम पाहण्यात काही गैर नाही. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा माझी भाची महिनाभर डबा नेऊन पैसे साठवून गेली होती आणि परत आल्यावर आठवडाभर तिचा घसा बसलेला होता. तिचे पैसे वसूल झाले, यात मला शंका नाही. परंतु तिला त्या बँडची गाणी पाठ होती आणि तिच्यावर घरी पैसे पाठवण्याची जबाबदारी नव्हती. तुम्ही त्या बँडचे नावसुद्धा पत्रात लिहिलेले नाही. ज्याचे नाव लिहावेसे वाटले नाही, त्याच्यासाठी ११,००० रुपये, म्हणजे घरी पाठवता त्यापेक्षा जेमतेम हजाराने कमी रक्कम, घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नकार देताना बरे नसल्याचे किंवा गावी लग्न असल्याचे कारण काढू नका. त्या लग्नाचे फोटो पुन्हा कुणीतरी मागेल. ‘मी हो म्हणालो होतो, पण हिशेब केल्यावर इतका खर्च या महिन्यात झेपणार नाही असे दिसते. तुम्ही जाऊन या, आणि आल्यावर रविवारी वाकडला जेवायला या,’ असे सांगा. पैशांचे खरे कारण दिले की गटातला आणखी एखादा जण हळूच ‘माझेही तसेच आहे’ म्हणण्याची शक्यता पुष्कळ असते. जेवणाला काय करायचे ते तुम्ही ठरवा. तिघांच्या फ्लॅटमध्ये दहा जणांसाठी मासवडी जमणार नाही, पिठले-भाकरी जमेल, आणि भाकरी बाहेरून आणली तरी चालेल. स्वयंपाक होईपर्यंत मागे काय लावायचे, हेही त्या दिवशी घर तुमचे असल्यामुळे तुम्हीच ठरवायचे आहे.

हे मात्र आज संध्याकाळीच सांगा. अशा कार्यक्रमांत कुणीतरी एक जण सगळ्यांची तिकिटे स्वतःच्या कार्डावर काढून मोकळा होतो, आणि मग नाही म्हणणे ही आवडीची गोष्ट न राहता उधारीची होते.